पाठीवर हात, तोंडानं खो

“तुम्ही कोण सांगणाऱ्या, मावशी? तुम्ही काय तिच्या सख्ख्या बहीण आहात?”

“सख्ख्या बहिणी दिवाळीला येतात आणि साडी घेऊन जातात. मी रोज येते!”

“रोज येऊन करता काय? भात भरवता. भात भरवून माणूस उभं राहतं का?”

“आणि तुमच्या पुण्यात काय करतात? पट्ट्यांनी बांधून उभं करतात! माणूस आहे ती, मांडवाचा खांब नव्हे!”

हे भांडण साताऱ्यात, शालनच्या खोलीत चाललं होतं. एका बाजूला तिचा मुलगा महेश, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधे पलंगावर शालन. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. डोळे तेवढे एकदा त्याच्याकडं जायचे, एकदा माझ्याकडं. महेशला तिला पुण्याच्या एका केंद्रात न्यायचं होतं. तिथं अशा पेशंटांना व्यायाम देऊन पुन्हा उभं करतात म्हणे. मला ती इथंच हवी होती, तिच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. शालनला काय हवंय हे आम्ही दोघंही छातीठोकपणे सांगत होतो. शालन सोडून सगळेच सांगत होते.

ते भांडण कसं मिटलं, ते शेवटी. त्याआधीचं कळलं नाही तर ते कळायचं नाही.

*

हे किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. जन्मभर खो-खो शिकवलेल्या बाईच्या पायांच्या भेगांत मैदानाची माती बसते. मैदान सुटून वर्षं झाली तरी मोरीत पाय घासले की पाणी लाल येतं. किस्से तसेच साठतात. काढायला बसलं की निघत नाहीत, आणि नको त्या दिवशी पाणी लाल.

शालन आता नाही. पुण्यातच वारली. म्हणून हे मीच लिहून टाकते. नाहीतर पुढं कुणीतरी शिकलेला माणूस ते गोड करून सांगेल, आणि मला गोड चालत नाही. साखरेमुळं नव्हे, स्वभावामुळं.

मी सातवी पास. खो-खो मला कुणी शिकवलेला नाही. मुलांच्या शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून बघितला आणि मागच्या पडीक जागेत खेळून बघितला. माझ्याकडं डिप्लोमा नाही, शिट्टी आहे. ज्यांच्याकडं डिप्लोमा होता त्यांच्या टीम माझ्या मुलींनी हरवल्या. एवढं पुरे.

मनीषा त्याच मुलींतली. आता तिचं सांगलीत ऑफिस आहे, हळदीच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. तिथं दिवसभर बसलं की कॉलर पिवळी होते आणि बाहेर पडल्यावर लोक विचारतात, “लग्न ठरलं का?” ही मंडळी मोबाइलचे पडदे आखतात. बटण कुठं ठेवायचं, अक्षर केवढं काढायचं, माणसाचं बोट आधी कुठं जाईल, हे सगळं. त्याला यूएक्स म्हणतात.

“म्हणजे वापरणाऱ्याला काय काय सोसावं लागतं, त्याची विद्या,” मी म्हणाले.

“बाई, हे मी भिंतीवर लिहून लावते,” मनीषा म्हणाली.

“भिंत कशाला खराब करतेस? पोरं मैदानावर पाठव!”

तिची अडचण मला कळली होती. नवी पोरं यायची, प्रत्येकजण हुशार, आणि प्रत्येकजण एकटा. नऊ जणांचा खेळ त्यांना कुणी शिकवलाच नव्हता. तेव्हापासून दर शनिवारी सकाळच्या एसटीनं मी साताऱ्याहून सांगलीला जायला लागले. मानधन विचारू नका. भाड्याचे पैसे मनीषानं एकदा पुढं केले, तेव्हा मी तिला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. परकरात होती तेव्हा मारायची तशाच मारल्या, कंपनीच्या मालकिणीनं!

*

पहिल्याच शनिवारी तेजस नावाचा मुलगा माझ्यापुढं लॅपटॉप घेऊन बसला. कॉलेजातून ताजा निघालेला, केस कपाळावर. म्हणाला, “आजी, तुम्ही आमच्या यूजर का?”

“मी आजी नाही आणि यूजरही नाही. मी अंपायर!”

त्यानं एका दवाखान्यासाठी नंबर लावायचा पडदा केला होता. “दाबा,” म्हणाला. मी दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. काही नाही. मग मी दारावरची बेल वाजवावी तशी दाबतच सुटले.

“बाई, थांबा, थांबा! उद्याची सगळी ओपीडी तुमच्या नावावर झाली!”

“मला कुठं कोण बोललं तसं?”

“पहिल्यांदा दाबलं तेव्हाच नंबर लागला होता. सिस्टिमला कळतं.”

“सिस्टिमला कळलं. मला?”

मी त्याला खाली गोदामाच्या अंगणात नेलं आणि भिंतीकडं तोंड करून उकिडवा बसवला. खो-खोत आठजणी अशाच ओळीनं बसतात, एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. नववी पळणारीच्या मागं लागते. तिला वळता येत नाही, ओळ ओलांडता येत नाही. म्हणून ती बसलेलीच्या पाठीवर थाप मारते आणि तोंडानं ‘खो’ म्हणते. बसलेली उठून पळते, आणि थाप देणारी तिच्या जागी खाली बसते. एवढाच खेळ. पण थाप आणि आवाज बरोबर पाहिजेत. एक असून दुसरं नसेल तर फाऊल.

मी तेजसच्या पाठीवर थाप मारली आणि गप्प राहिले. तो अर्धा उठला, थांबला, बसला. मग लांबून नुसतंच “खो!” ओरडले. पुन्हा अर्धा उठला, पुन्हा बसला. खाली हळदीची पोती उतरवणारे हमाल काम थांबवून बघायला लागले.

“बाई, नक्की उठू का नको?” तो रडकुंडीला आला.

“असाच बसलाय बाबा तुझा पेशंट, दवाखान्याच्या बाकावर. अर्धा उठलेला!”

पुढच्या शनिवारी त्याचं बटण दाबलं की फोन हाताला थरथर लागायचा आणि ‘नंबर लागला’ असं बोलायचाही. तेजसनं मला आजी म्हणणं सोडलं. बाई म्हणायला लागला.

*

एका साखर कारखान्याचं काम होतं. आपल्या उसाला तोड कधी येणार, हे शेतकऱ्याला मोबाइलवर दिसावं, असा पडदा. पोरं तो घेऊन कृष्णाकाठच्या एका गावात गेली, मलाही गाडीत घातलं. सोसायटीच्या कट्ट्यावर मंडळी जमली. ज्याला विचारावं, “काका, सोपं वाटतंय ना?” तो म्हणायचा,

“लय भारी!”

“एक नंबर काम केलंयसा!”

सगळ्यात जास्त कौतुक एका मिशीवाल्या फौजी काकांनी केलं. मिलिटरीतून रिटायर झालेले, पाठ अजून सरळ. तेजस खूश. परत निघायच्या तयारीत होता.

मी म्हणाले, “बस खाली. पळणारी पोरगी डोळ्यांनी डावीकडं बघते, खांदा डावीकडं टाकते आणि जाते उजवीकडं. मग पकडणारीनं बघायचं कुठं?”

सायली नावाची एक मुलगी होती त्यांच्यात. आठवड्यातून चार वाक्यं बोलायची. ती म्हणाली, “कमरेकडं.”

“का?”

“कंबर खोटं बोलत नाही.”

“मग काकांच्या डोळ्यांकडं काय बघताय?”

मग कुणी काही विचारलं नाही, नुसते बघत बसले. फौजी काकांनी फोन लांब धरला. जवळ आणला. एकदा कुठंतरी दाबलं. इकडंतिकडं बघितलं, कुणी बघत नाहीसं वाटल्यावर फोन खिशात घातला, आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले,

“आवं बाई, समदं झ्याक हाय. पर माझ्या उसाला तोड कवा येनार, त्येवढं सांगा की.”

मला तर त्यांच्या सरळ पाठीचंच वाईट वाटलं. परक्या पोरांचं मन मोडू नये म्हणून खोटं बोलले होते बिचारे, आणि शेतात ऊस वाळत होता.

*

आता शालन.

शालन दुष्काळी माण तालुक्यातली. मेंढरांमागं पळून पाय तयार झालेले. बापानं तिला साताऱ्याला आत्याकडं ठेवली, कारण आत्याच्या दारात नळ होता. पहिल्या दिवशी ती त्या नळाखाली कितीतरी वेळ नुसता हात धरून बसली होती, अशी आत्या सांगायची.

आमच्या टीमची ती कॅप्टन. मी पाठलागाला पळायची, ती बसायची, तिकडच्या खांबाजवळच्या चौकात. मला खो द्यायचा कंटाळा. हाताशी आलेली पळणारी मी दुसरीला का देऊ? शालन बसल्या जागेवरून ओरडायची,

“सरू, तू लय पळतीस गं! आमी हितं काय पूजेला बसलोय व्हय?”

सांगलीच्या मुलींशी फायनल होती, सांगलीतच. शेवटची मिनिटं. त्यांची एक काटकुळी पोरगी माझ्यापुढं पळत होती, आणि शालन माझ्या हाताच्या अंतरावर, पाठ माझ्याकडं करून बसलेली. मी सूर मारला. बोटं लागली! अंपायर म्हणाला, लागली नाहीत. हरलो.

आजही सांगते, ती आऊट होती.

परतीच्या एसटीत शालन माझ्या शेजारी बसली. फडक्यातली भाकरी अर्धी मोडून दिली. कराड गेल्यावर, खिडकीबाहेर बघत म्हणाली,

“तुजा श्वास माझ्या मानंवर आला व्हता, सरू. हात न्हाई आला.”

हा किस्सा मी मनीषाच्या प्रत्येक नव्या पोराला सांगते. एकदा तेजस एक पडदा आठवडाभर स्वतःपाशीच धरून बसला. रंग बदल, कोपरा गोल कर, परत चौकोनी कर. त्याच्यापुढचं काम सायलीचं, आणि ती रिकामी बसलेली. शेवटी ती उठली, त्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली,

“श्वास येतोय रे. हात नाही येत.”

त्यानं त्याच क्षणी फाइल पाठवली. चार वाक्यांतलं एक असं खर्ची घातलं पोरीनं!

मी साताऱ्यात येऊन हे शालनला सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. “माजं वाक्य कंपनीत गेलं!” तिची ती शेवटची हसलेली आठवण आहे माझ्याकडं. आवाजासकटची.

*

त्यानंतर एका सकाळी चहा ओतता ओतता शालन पडली. दवाखान्यातून परत आली ती अशी. कळायचं सगळं. वाचायचीसुद्धा. तोंडातून मात्र एक ‘अं’ निघायचा. त्याच ‘अं’नं ती पाणी मागायची, त्याच ‘अं’नं लघवी, त्याच ‘अं’नं महेशचा फोन आला का ते विचारायची. आम्ही ओळखत बसायचो, आणि चुकलो की ती डोळे मिटून घ्यायची.

मनीषाला कळलं तेव्हा ती म्हणाली, “बाई, आपण काकूंसाठी बोलणारा पडदा करू.” तेजसनं केला. टॅबलेट आणला, त्यावर चित्रं. पाणी, चहा, दुखतंय, लघवी, लाइट, पंखा, महेश. चित्र दाबलं की शब्द बोलणार. दाबल्यावर हाताला थरथरसुद्धा लागायची. आता तो ते विसरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शालनला सांभाळणाऱ्या बाईंचा मला निरोप. “सारख्या पाणीच मागत्यात. दिलं की तोंड फिरवत्यात. परत पाणीच.”

मी गेले तर गादी ओली, आणि शालन भिंतीकडं तोंड करून रडत होती. तिच्या बापानं तिला ज्याच्यासाठी साताऱ्याला ठेवली, तेच पाणी आम्ही तिला दिवसभर घोटाघोटानं पाजलं होतं.

मी तेजसला फोनवर फाडून खाल्ला. तो एसटी पकडून साताऱ्याला आला. शालनच्या पलंगाशेजारी जमिनीवर उताणा झोपला, टॅबलेट तिच्या अंतरावर ठेवला, गळ्यातल्या पंच्यानं स्वतःचा उजवा हात अंगाशी बांधून घेतला आणि डाव्या हातानं चित्रं गाठायला लागला.

बोट पोचत होतं ते फक्त डावीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं काय होतं? पाणी!

तसाच पडून राहिला तो. छताकडं बघत म्हणाला, “बाई, खांबाजवळ कुणाला बसवायचं असतं?”

“जिच्यावर सगळ्यात जास्त वेळ येते तिला.”

तिथंच बसून त्यानं सगळी जागापालट केली. लघवीचं चित्र आलं अगदी बोटाखाली. जाताना शालनच्या पायांना हात लावला. शालननं डाव्या हातानं त्याचे कपाळावरचे केस मागं सारले.

*

जागा सुधारल्या, तरी शालन टॅबलेटला हात लावेना.

कारण आवाज. त्या यंत्रातली बाई बसस्टँडवर ‘फलाट क्रमांक’ सांगावं तशी सांगायची, ‘मला. वेदना. होत आहेत.’ शालनच्या घराण्यात कुणाला वेदना झालेल्या नाहीत. दुखतं त्यांना.

“काकूंचा स्वतःचा आवाज कुठं असेल का?” सायलीनं विचारलं.

शोधला. महेशच्या फोनवर नातवाच्या बारशाचा व्हिडिओ होता, त्यात शालन पाळण्यामागं उभी. तोंड हलतंय, पण स्पीकरवर गाणं लागलेलं. दुसऱ्यात ती पाठमोरी. जन्मभर मैदानावर ओरडलेली बाई, आणि एका शब्दाला कुठं पुरावा नाही.

“मग तुमचा घेऊ, बाई,” सायली म्हणाली.

गोदामाच्या वरच्या खोलीत चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि मला मधे बसवलं.

“म्हणा, दुखतंय.”

“दुखतंय!”

“असं भांडल्यासारखं नको.”

“दुखतंय हे भांडूनच सांगायचं असतं, नाहीतर कोण उठतं?”

चित्रांचे शब्द संपले. तरी सायली म्हणाली, “अजून थोडे आहेत.” मला माहीत नव्हतं, आदल्या दिवशी ती एकटीच साताऱ्याला जाऊन आली होती. लहान पोरांची अंकलिपी शालनपुढं धरून बसली होती, आणि शालननं एकेक अक्षरावर बोट ठेवत तिला हवे ते शब्द मागितले होते. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं तिला! चित्रं आमच्या मनाची टाकली होती.

“म्हणा, मीठ.”

“मीठ.”

“म्हणा, सरू.”

“मी माझंच नाव कशाला घेऊ?”

“काकूंनी मागितलंय.”

म्हटलं. मग तू, मी, गप, बस खाली, असले मैदानावरचेच शब्द. शेवटी सायली म्हणाली, “उठते.”

“हे कशाला? ती कुठं उठतेय आता?”

“माहीत नाही, बाई. मागितलंय, म्हणून ठेवायचं.”

तो शब्द मला दोन-तीनदा म्हणावा लागला.

दुसऱ्या दिवशी टॅबलेट शालनच्या डाव्या हाताशी ठेवला. मी तिला समजावत होते, हे असं दाब, ते तसं दाब, घाई करू नको, चुकलं तरी चालेल, पहिल्यांदा हे, मग ते. शालननं बोट उचललं, सावकाश एका जागी नेलं आणि दाबलं.

“गप!” माझाच आवाज मला म्हणाला.

तेजस हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. सांभाळणाऱ्या बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, “कोण भांडतंय?”

जन्मात मला कुणी गप केलेलं नाही. केलं ते मीच.

*

तो टॅबलेट आता सांगलीच्या एका दवाखान्यात आहे. वाचा गेलेले पेशंट वापरतात. माझा आवाज काढून टाका, असं मी म्हणाले होते, तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, “राहू द्या. पेशंट म्हणतात, ही बाई बोलली की लगेच कुणीतरी येतं.”

म्हणजे रोज कुणाकुणाचं दुखणं मी तिथं ओरडून सांगत असते, इथं साताऱ्यात घरी बसून. शनिवार सोडून.

शालनच्या घराला कुलूप आहे. तिच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. आता रस्त्यावरून खिडकी दिसते.

*

तर ते भांडण.

त्या दिवशी तेजस आणि सायली टॅबलेटमधे नवे शब्द घालायला आले होते आणि भिंतीला चिकटून उभे होते. माझा आणि महेशचा आवाज गल्लीत जात होता. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आईला काय हवंय ते मला कळतं, मावशी! मी मुलगा आहे तिचा!”

“पोटातून बाहेर आलास म्हणून पोटातलं कळतं का?”

“डॉक्टर म्हणालेत, आत्ता नेलं तर चान्स आहे. अजून दोन महिने गेले तर नाही.”

“आणि नाही जमलं तर? परक्या गावात, परक्या हातांत? इथं मी आहे. मी तिला न्हाऊ घालते, केस विंचरते. तिला उभं राहायची गरज काय? मी उभी आहे की!”

“तुम्ही उभ्या आहात, मावशी. तेच तर म्हणतोय मी.”

“काय म्हणतोस?”

“तुम्हाला ती अशीच हवी आहे. बसलेली.”

मी पलंगाला वळसा घालून त्याच्या अंगावर गेले. सत्तरी उलटली तरी माझा पाय अजून तेवढाच पटकन उचलतो. काय बोलणार होते कुणास ठाऊक. काही वाईटच बोलले असते.

तेवढ्यात सायली भिंतीपासून सुटली. पुढं आली, टॅबलेट शालनच्या डाव्या हाताखाली सरकवला आणि मागं झाली.

“सरू,” टॅबलेट म्हणाला.

“थांब गं शाले, मला बोलू दे याच्याशी!”

“गप.”

महेश खाली बघायला लागला. शालनचं बोट चाललं होतं. एकेका घरावर जाऊन थांबायचं, दाबायचं, पुढं जायचं. कपाळावर घाम आलेला. मला तिच्या हाताला धरून मदत करावीशी वाटली. केली नाही. श्वास मात्र तिच्या मानेवर जात असणार, इतकी मी जवळ वाकले होते. तिनं मान उचलून माझ्याकडं बघितलं, अगदी मैदानावर बघायची तसं, आणि शेवटचं घर दाबलं. माझ्याच आवाजात, माझ्याच भांडकुदळ आवाजात, शालन मला म्हणाली,

“तू बस खाली. मी उठते.”